परफ्यूमर व्हायचंय, पण नाक अगदी साधारण आहे. सरावाने वास ओळखता येतात का?

येतात. मुंबईत सुगंध तयार करणाऱ्या एका कंपनीत मी इव्हॅल्युएटर आहे. परफ्यूमरने केलेले नमुने हुंगायचे आणि साबणात, अगरबत्तीत ते चालतील का ते सांगायचं, हे माझं काम. माझ्या ओळखीच्या परफ्यूमरांचं नाक तुमच्याआमच्यापेक्षा तीक्ष्ण असतं असं मला तरी दिसलं नाही. वास तुम्हालाही येतो, फक्त त्याचं नाव आठवत नाही. तेवढंच कमवायचं असतं.

फ्रान्समधल्या ग्रास या अत्तरांच्या गावात ज्याँ कार्ल या परफ्यूमरने घालून दिलेली शिकवण्याची रीत अजून चालते: आधी एकमेकांपासून लांबचे वास, मग जवळचे. म्हणजे सुरुवातीला लिंबू, लवंग, खस, व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचं रसायन). ते पक्के झाले की गुलाब, जिरॅनियम आणि रोशा तेल शेजारी शेजारी घ्या. खरी परीक्षा इथे. तिन्हींत जिरॅनिऑल हे गुलाबासारख्या वासाचं रसायन असतं, त्यामुळे नवखा माणूस तिन्हींना 'गुलाब' म्हणून मोकळा होतो. एकेकाळी आपल्या खानदेशातल्या रोशा गवताचं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबतेलात भेसळीला वापरलं जायचं, तेव्हा फसलात तर वाईट वाटून घेऊ नका. जिरॅनियमला पुदिन्यासारखी हिरवी कड असते, रोशाला गवताची. ती एकदा सापडली की सुटत नाही.

बाटलीला नाक लावून हुंगू नका. डीपीजीमध्ये (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, जवळजवळ बिनवासाचा द्रावक) १० टक्के द्रावण करा (अल्कोहोलमध्ये वास जास्त उठतो, पण ते मिळवायला परवान्याची कटकट), इंडोल या रसायनासारखं जहाल काही असेल तर १ टक्का किंवा त्याहून कमी. ब्लॉटरच्या (टीपकागदाच्या) पट्टीचं टोक बुडवा आणि पट्टीवर नावाऐवजी नंबर टाका. घरातल्या कुणाला तरी पट्ट्या पिसायला सांगा. नाव बघण्याआधी वहीत लिहा, आणि स्वतःच्या शब्दांत लिहा. इंडोलपुढे मी 'आजीच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्या' लिहिलं होतं. पुस्तकातलं वर्णन मला कधीच लक्षात राहिलं नाही, हे राहिलं. हेच इंडोल मोगऱ्यातही असतं, हे कळल्यावर मोगरा वेगळाच वाटायला लागतो.

तीच पट्टी तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हुंगा. लिंबू तोवर उडालेलं असेल, खस मात्र कित्येक दिवस हलत नाही. अत्तर बांधताना हाच हिशेब लागतो.

एका बैठकीत पाच-सहा वास पुष्कळ झाले. नंतर नाक बधिर होतं. दुकानात मध्येच कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग होत नाही. खिडकीत जाऊन उभे राहा.

गॅलॅक्सोलाइडसारख्या एखाद्या मस्कचा (कस्तुरीसारख्या वासाच्या रसायनाचा) वास मुळीच आला नाही तर घाबरू नका. ठरावीक मस्कचा वास न येणारे लोक बरेच असतात, या धंद्यातही आहेत.

रसायनशास्त्राची पदवी असेल तर मुंबईच्या आयसीटीचा (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) परफ्यूमरी आणि फ्लेवरचा पदविका अभ्यासक्रम आणि मुलुंडच्या वझे कॉलेजचा अभ्यासक्रम, दोन्हींची चौकशी करा. अत्तराकडेच ओढा असेल तर उत्तर प्रदेशातल्या कनौजला एफएफडीसी (फ्रॅग्रन्स अँड फ्लेवर डेव्हलपमेंट सेंटर) आहे, तिथे देग-भपका या तांब्याच्या पारंपरिक भांड्यांतलं ऊर्ध्वपातनही जवळून बघायला मिळेल. प्रवेशाची वाट बघत थांबू नका, आठ-दहा छोट्या बाटल्या आणि एक वही आजच आणता येते.