स्थलांतरित, निर्वासित आणि विस्थापित

धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावातील लोकांना एका बातमीत ‘स्थलांतरित’ म्हटले आहे, ते योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तेथे ‘विस्थापित’ हवे होते, आणि हा फरक केवळ शैलीचा नाही.

‘स्थलांतर’ हा भाषांतर, रूपांतर, देशांतर यांच्याच घडणीचा शब्द आहे. जागा बदलली एवढेच तो सांगतो. ती का बदलली, कोणी बदलायला लावली, याविषयी तो काहीच बोलत नाही. म्हणूनच तो हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांना, नव्या इमारतीत गेलेल्या कार्यालयाला आणि दरवर्षी ऊसतोडणीला निघणाऱ्या कुटुंबांना सारखाच चालतो. ‘निर्वासित’ आणि ‘विस्थापित’ यांचे तसे नाही. हे शब्द ‘वस्’ आणि ‘स्था’ या धातूंच्या प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याला क्रिया करायला लावणाऱ्या, रूपांवरून आले आहेत, त्यामुळे राहत्या ठिकाणाहून घालवलेला, जागेवरून हलवलेला असा त्यांचा मूळ अर्थ होतो आणि घालवणारा वाक्यात कोठे दिसला नाही तरी शब्दात तो असतोच. ‘आम्ही स्थलांतर केले’ आणि ‘आम्हाला उठवले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. बुडीत क्षेत्रातील माणसाचे वाक्य दुसरे असते. त्याला ‘स्थलांतरित’ म्हटले की त्याच्यावर झालेली सक्ती आपण नकळत पुसून टाकतो, आणि हे मला फार खटकते. ‘धरणग्रस्त’ हा रुळलेला शब्दही तेथे शोभला असता.

‘निर्वासित’ला आता कायद्याचाही अर्थ आहे. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सार्थ भीती असल्याने स्वदेशाबाहेर असलेली व्यक्ती निर्वासित ठरते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना आपण हाच शब्द लावत आलो. देशाची सीमा न ओलांडता घरदार सुटले असेल, तर ‘विस्थापित’ म्हणणे अधिक काटेकोर. ‘शरणार्थी’ शब्दाची नजर मात्र सुटलेल्या घराकडे नसून, आसरा मागितला जातो त्या दाराकडे असते.

हिंदीतून येणाऱ्या दोन शब्दांबाबत सावध राहावे. २०२० च्या टाळेबंदीत ‘प्रवासी मजूर’ आणि ‘मजुरांचे पलायन’ असे मराठीतही लिहिले जाऊ लागले. मराठीत प्रवासी म्हणजे प्रवास करणारा, आणि पलायनाला पळून जाण्याचा ठपका चिकटलेला आहे. काम बंद पडल्यावर शेकडो किलोमीटर पायी घरी निघालेल्या माणसांना तो लावणे अन्यायाचे आहे. ‘स्थलांतरित मजूर’ असे म्हणावे, आणि ते ‘परतले’ असे लिहावे.

लिहिताना तिन्ही शब्दांत ‘इत’ ऱ्हस्व आहे. ‘स्थलांतरीत’, ‘निर्वासीत’ ही रूपे चुकीची आहेत.