तुझा आठवडा आणि दोन गाड्या

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. एका बाजूला बीएमडब्ल्यू एक्स 1, दुसऱ्या बाजूला मर्सिडीज जीएलए आणि खाली 42 ओळी. रात्री जेवण झाल्यावर चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. भोसरीत माझ्या हाताखाली ट्रेनी म्हणून आलीस तेव्हा तपासणीचे कागद भरायला कंटाळायचीस, आणि आता स्वतःच्या पैशाने घ्यायच्या गाडीचा असा नेटका तक्ता करतेस. खूप बरं वाटलं.

पण या 42 ओळींत तू कुठेच नाहीस. नाशिकच्या सातपूरमधलं तुझं युनिट घरापासून पाच-सहा किलोमीटर, दर गुरुवारी चाकणच्या ग्राहकांकडे फेरी, रविवारी मागच्या सीटवर आई-बाबा, यातलं एकही त्या कागदावर नाही. ड्रॉइंग कितीही सुंदर असलं तरी पार्ट बसतो की नाही ते असेंब्लीतच कळतं, हे तुला मी सांगायला नको. म्हणून आधी तुझा आठवडा मांडू, मग गाड्या त्याच्याशी ताडून बघू.

सुरुवात इंजिनापासून करतो, कारण तिथे तू दोन्हीकडे पेट्रोलवर टिक केली आहेस. एक्स 1 चं पेट्रोल दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं, 136 अश्वशक्तीचं. जीएलए 200 चं 1.3 लिटर, चार सिलिंडर, 163 अश्वशक्ती. हे दुसरं इंजिन मर्सिडीज आणि रेनॉच्या भागीदारीतून तयार झालेलं आहे, त्याच कुळातलं इंजिन आपल्याकडे 2020 च्या टर्बो डस्टरमध्ये होतं. हे कुणीतरी तुला नाक मुरडून सांगेल. लक्ष देऊ नकोस, इंजिन चांगलं आहे. तुझं रोजचं जाणं-येणं पाच-सहा किलोमीटरचं आहे, तेवढंच असतं तर मीही पेट्रोलच घे म्हटलं असतं. आजच्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला गाडी चांगली तापून एकसारख्या वेगाने काही वेळ पळावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या डिझेल गाड्यांचा हा फिल्टर तुंबतो आणि मालक वर्कशॉपच्या फेऱ्या मारत बसतो.

तुझा गुरुवार मात्र हे गणित बदलतो. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, आळेफाटा, नारायणगाव, मग चाकण. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दर आठवड्याला अशी एक धाव मिळाली की तो फिल्टर आपोआप साफ राहतो. शिवाय लांबच्या रस्त्यावर भरल्या गाडीला डिझेलचा खालच्या आरपीएमवरचा जोर फार सुखाचा असतो. एक्स 1 डिझेल 150 अश्वशक्ती आणि 360 न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) देते, जीएलए 220डी 190 आणि 400. दोन्ही दोन लिटरची इंजिनं. चाकणचे ग्राहक पुढची तीन-चार वर्षं नक्की असतील तर डिझेल घे. ते काम सोडायचा विचार मनात असेल तर आत्ताच सांग, कारण मग माझं उत्तर पेट्रोल आहे.

डिझेल घेताना एक वजाबाकीही करून ठेव. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के मोटार वाहन कर आहे, डिझेलला 15 टक्के. 50 लाखांच्या गाडीवर हा फरक सरळ एक लाखाचा होतो. आणि गाडी कंपनीच्या नावावर नोंदवायचं तुझ्या मनात आहे असं वाटलं. तसं केलंस तर कर 20 टक्के, म्हणजे दहा लाख. आयकरात गाडीचा घसारा वर्षाला 15 टक्के मिळतो हे खरं, पण गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट आपल्यासारख्यांना मिळत नाही. सीएसमोर बसून दोन्ही बाजू आकड्यात मांडून घे. तक्त्यातल्या काही किमतीही जुन्या दिसतात. 22 सप्टेंबर 2025 पासून या वर्गाच्या गाड्यांवर सेस जाऊन सरळ 40 टक्के जीएसटी लागतो, तेव्हा डीलरकडून ताजी ऑन-रोड किंमत लेखी घे.

आता मागची सीट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी चूक इथेच झाली.

मी पहिल्यांदा अशी गाडी घेतली तेव्हा टेस्ट ड्राइव्हला एकटाच गेलो होतो. स्टिअरिंग हातात घेतलं, एक्सलरेटर दाबला आणि तिथेच ठरवून मोकळा झालो. गाडी घरी आल्यावर आई पहिल्यांदा मागे बसली. सीट खाली, गुडघे वर, मांडीला खालून आधार नाही. उतरताना तिला दाराचा खांब धरून दोनदा प्रयत्न करावा लागला. तिने तक्रार केली नाही. पुढच्या वर्षभरात लांब जायचं निघालं की "तुम्ही या जाऊन, मी घरीच बरी" एवढंच म्हणायची. ती घरी का थांबते हे मला फार उशिरा कळलं. ते मला अजून लागतं, म्हणून तुला कळकळीने सांगतोय.

तुझ्या तक्त्यात व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची, ओळ आहे. जीएलएचा 2729 मिलिमीटर, एक्स 1 चा 2692, आणि तू जीएलएला गुण दिलेस. प्रत्यक्षात मागे बसून बघ. एक्स 1 एकूण लांबीत जवळपास नऊ सेंटीमीटरने मोठी आहे, छत उंच आहे आणि मागची जागा तिचीच मोकळी वाटते. डिकीतही फरक आहे: एक्स 1 डिझेलची सुमारे 500 लिटर, जीएलएची सव्वाचारशेच्या घरात. तुला सॅम्पलचे खोके आणि गेजच्या पेट्या न्यायच्या असतात. त्या पेट्या घेऊनच शोरूमला जा आणि भरून बघ. डिकीची फळी उचलून खाली स्टेपनी आहे, की नुसतं फेस भरून पंक्चर बुजवायचं किट, की काहीच नाही, तेही डोळ्याने बघ. संध्याकाळी आळेफाट्याच्या पुढे टायरची बाजू फाटली तर किट काही कामाचं नाही. बाजूचा काप त्या फेसाने बुजत नाही.

टायरचा विषय निघालाच आहे तर फोर-व्हील ड्राइव्हचंही बोलतो. जीएलए 220डीला ती आहे, एक्स 1 डिझेलला फक्त पुढच्या चाकांचा जोर. पावसात चिखलाच्या चढावर गाडी काढताना, ओल्या घाटात वळणातून बाहेर पडताना चारही चाकांचा जोर खरोखर उपयोगी पडतो. पण थांबताना त्याचा काही उपयोग नाही, गाडीला थांबवतात ते टायर आणि ब्रेक. युनिटच्या रस्त्यावर चिखल नसेल आणि टायर वेळेवर बदलणार असशील, तर या एका गोष्टीसाठी जास्त पैसे घालावेत असं मला वाटत नाही. समृद्धीवर जाशील तेव्हाही निघण्याआधी थंड टायरची हवा स्वतः गेज लावून बघ. ताशी 120 च्या मर्यादेत तासनतास चालताना कमी हवेचा टायर आतून तापत जातो.

"बीएमडब्ल्यू म्हणजे मागच्या चाकांची गाडी" असं तुझा भाऊ म्हणाला, ते पहिल्या एक्स 1 ला लागू होतं. 2015 च्या दुसऱ्या पिढीपासून तिची रचना पुढच्या चाकांची आहे. जीएलएची तर पहिल्यापासूनच. बोधचिन्ह बघून गाडीचा स्वभाव ठरवू नकोस.

चालवताना तीन गोष्टी मुद्दाम कर. एक्स 1 मध्ये एसीची बटणं नाहीत, सगळं पडद्यावर आहे, आधीच्या गाड्यांतली गोल फिरकीही गेली. चालत्या गाडीत पंख्याचा वेग बदलून बघ आणि नजर किती वेळ रस्त्यावरून हटते ते स्वतःच मोज. मला हे आवडलेलं नाही. तुझ्या वयाच्या हातांना कदाचित त्रास होणार नाही. दुसरं, दोन्हींचे गिअरबॉक्स डबल क्लचचे आहेत, म्हणजे दोन क्लच आलटून पालटून गिअर आपोआप बदलतात. चाकणच्या चौकात गाड्या इंचाइंचाने सरकतात, तशा गर्दीत पाच मिनिटं चालवून बघ, धक्के बसतात का ते कळेल. चढावर एक्सलरेटरने गाडी धरून ठेवायची सवय असेल तर सोड, त्याने क्लच तापतो. तिसरं, सोसायटीच्या दारातला तो उंच गतिरोधक. पाच माणसं बसवून त्यावरून ने, तळ घासतो का ते बघ.

जीएलए चाकणच्याच कारखान्यात जोडली जाते आणि तू दर गुरुवारी तिकडे जातेस, म्हणून तिच्याबद्दल तुला आपुलकी आहे हे मला कळतं. मलाही आहे, ज्या पट्ट्यात आयुष्य काढलं तिथे बनलेली वस्तू आहे ती. एक्स 1 चेन्नईत जोडतात. पण वॉरंटी संपल्यावर तुला लागणार आहे नाशिकजवळचं वर्कशॉप. तिथे नुसती सर्व्हिस होते की डेंटिंग-पेंटिंगही, गाडी अडकली तर पर्यायी गाडी मिळते का, हे जाऊन विचार. दोन्हींच्या पुढच्या एका एलईडी दिव्याची आणि चार टायरची किंमत लेखी माग. विम्यात शून्य घसारा (भागांच्या झिजेचे पैसे न कापणारा) आणि इंजिन संरक्षण दोन्ही घे, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात इंजिन गेलं तर साधा विमा हात वर करतो. आणि वाढीव वॉरंटी पहिल्या दिवशीच्याच सौद्यात धर, तेव्हा तुझं ऐकतात.

कर्जाचं फक्त एक सांगतो. 40 लाख, समजा 9 टक्क्यांनी, पाच वर्षांना हप्ता 83 हजार येतो, सात वर्षांना 64 हजार. सेल्समन तुला 64 दाखवेल. पाच वर्षांत व्याज पावणेदहा-दहा लाख जातं, सात वर्षांत 14 लाख. मंदीच्या वर्षात तुझ्या युनिटचा पगार आणि 83 हजार दोन्ही निघत नसतील, तर गाडी सहा महिने पुढे ढकल. युनिटमधल्या नवीन व्हीएमसी मशीनचे हप्ते तुझ्या डोक्यावर आहेत, ते आधी.

माझं मत विचारलंस म्हणून लिहितो. घाटात मला स्वतःला जीएलए 220डी जास्त आवडते, तिच्या जोरात एक सहजपणा आहे. तुझ्यासाठी मी एक्स 1 डिझेल घेईन. आई-बाबांसाठी, पेट्यांसाठी, आणि उरलेल्या पैशात वाढीव वॉरंटी व एक जादा टायरचा संच येतो म्हणून. आईंना मात्र जीएलएत चढणं-उतरणं सोपं वाटलं, तर हे सगळं बाजूला ठेव आणि त्या सांगतील ती घे.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवायला मिळतील असं बघ. आठवडाभराच्या अंतराने चालवलेल्या गाड्यांची तुलना होत नाही. येत्या रविवारी जमवलंस तर मी सकाळच्या गाडीने नाशिकला येतो. आई-बाबांना सोबत घे, पेट्या घे. मी मागे आईंच्या शेजारी बसेन.

तुझा,
सर