पदवीच्या दिवशी तिचं नाव काय होतं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

महाविद्यालयाच्या स्मरणिकेतली दिवंगत माजी विद्यार्थिनींची पानं यंदापासून तुझ्याकडे आली, याचा मला फार आनंद झाला. एकोणीस वर्षं ती मी लिहिली. तू पाठवलेला पहिला मजकूर दोनदा वाचला. आठ ओळींपैकी सहा वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेतून उतरल्यात. 'अल्पशा आजाराने', 'मनमिळाऊ स्वभाव', 'त्यांच्या पश्चात पती, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे'. यातलं काहीच खोटं नाही. पण आपल्या वर्गात चार वर्षं बसलेली मुलगी मला त्यात कुठे भेटली नाही.

सुरुवात नावापासून कर. आपल्याकडे रजिस्टरात असतं माहेरचं नाव आणि निधनवार्तेत असतं सासरचं. त्यातून पन्नास-साठच्या दशकातल्या कितीतरी जणींचं आडनावच काय, पहिलं नावही लग्नात तांदळाच्या ताटात बदललं. कॅटलॉगमधली मुलगी आणि बातमीतल्या 'गं. भा.' एकच, हे जोडून देणारं माणूस गेलं की ती कायमची हरवते. म्हणून दोन्ही नावं लिही, आणि पदवी घेतली त्या दिवशीचं नाव आधी. घरच्यांना ते विचित्र वाटेल. त्यांना शांतपणे समजाव, पण हे सोडू नकोस.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण नेहमी डोळ्यांपुढे ठेव. जन्माच्या त्या यमुना. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ला डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. बावीसही पुरी नव्हती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची जागा ठरलेली होती, ते काम व्हायचंच राहिलं. तरी आज त्यांच्याविषयी एवढं कळतं ते कशामुळे? त्या महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थिनींचे कागद, फोटो सांभाळले. ते आज तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठात आहेत. जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली यांच्या शेजारी नऊवारीत बसलेल्या आनंदीबाईंचा १८८५ सालचा फोटो तू पाहिलाच असशील. आणि थिओडिशिया कार्पेंटर या अमेरिकन बाईंनी त्यांची पत्रं जपली. आनंदीबाईंच्या अस्थीही न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला, कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेव. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. पाठोपाठ १९२१ साली पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या. पदवीचं नाव होतं 'गृहीतागमा'. मातृभाषेतून मिळवलेली ती पदवी. विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ साली. म्हणजे तोवर पाठीशी सरकारी शिक्का नसताना या मुली शिकत राहिल्या. देणगीचा आकडा आपल्याला पाठ असतो. त्या पाच जणींची नावं किती जणांना सांगता येतील? तुझं काम नेमकं इथे आहे.

माहिती कोणाकडून घ्यायची, हे मी चुकत चुकत शिकले. तेराव्याच्या आत फोन करू नये. वर्षश्राद्धाच्या सुमाराला माणसं मोकळेपणी बोलतात. मुलाला विचारलंस तर 'आई फार प्रेमळ होती' एवढंच मिळेल. सुनेला विचार, नणंदेला विचार, वसतिगृहातल्या खोलीतल्या मैत्रिणीला तर विचारच. आणि 'त्या कशा होत्या' असं विचारू नकोस. 'दुपारी काय करायच्या?' असं विचार. सगळ्यांची पोळी-भाजी उरकल्यावर संध्याकाळच्या चहापर्यंतचा वेळ बाईचा स्वतःचा. शिकलेलं त्यात कुठेतरी सापडतं.

आमची वनस्पतिशास्त्राची एक पदवीधर कोकणात दिली होती. नोकरी केली नाही. मुलगा मला फोनवर म्हणाला, "शिक्षणाचा तसा उपयोग झाला नाही हो तिच्या." धाकट्या सुनेला गाठलं, तर ती म्हणाली की आई दुपारी कलमांत फिरायच्या आणि आल्या की भिंतीवरच्या कॅलेंडरावर काहीतरी लिहायच्या. जुनी कॅलेंडरं माळ्यावर होती. सव्वीस वर्षांची! कुठल्या कलमाला मोहोर कधी आला, तुडतुडे कधी दिसले, ढगाळ दिवस किती, अवकाळी पाऊस कोणत्या तारखेला झाला. तारखेच्या चौकोनात बारीक अक्षर, आणि प्रत्येक जानेवारीच्या पानावर कोपऱ्यात आंब्याचं शास्त्रीय नाव, मॅन्जिफेरा इंडिका. मी स्मरणिकेत त्या कॅलेंडरांवरच लिहिलं. मुलाने अंक वाचून मला पत्र पाठवलं, ते अजून माझ्याजवळ आहे.

म्हणून 'पुढे संसारात रमल्या' हे वाक्य तुझ्या हातून कधी उतरू देऊ नकोस. नोकरी, पदं, पुरस्कार असतील तर ते दोन ओळींत होतात. ज्यांना यातलं काही मिळालं नाही त्यांना जास्त जागा दे.

एक गोष्ट सांगायला मला जड जातंय, पण तुला ती लागेल. हुंडाबळीचं वेगळं कलम १९८६ साली आलं. त्याच्या थोडं आधीची आमची एक विद्यार्थिनी, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. जुनी यादी पुरी करताना मी सासरच्यांना विचारलं. 'स्टोव्हचा भडका' असं त्यांनी सांगितलं आणि मी 'अपघाती निधन' असं छापलं. अंक निघाल्यावर तिच्या वर्गातल्या तिघी माझ्याकडे आल्या. काही बोलल्या नाहीत, तिची पत्रं तेवढी टेबलावर ठेवली. मला पुराव्याने काही म्हणता आलं नसतं, हे खरं. पण 'अपघाती' हा शब्दही माझ्याकडे पुराव्याने आला नव्हता. पुढच्या अंकात मी तिच्यावर पुन्हा लिहिलं. मृत्यूची फक्त तारीख दिली आणि बाकी पानभर ती: गॅदरिंगमधलं तिचं काम, संस्कृतची तिची आवड, मैत्रिणींना लिहिलेल्या पत्रांतली घरून परवानगी मिळालेली वाक्यं. तिच्या आईने तो अंक मागवून घेतला. असं पान आलं तर जे ठाऊक नाही ते छापू नकोस, कोणी कितीही आर्जव केलं तरी.

रजिस्टरची जीर्ण पानं उलटताना पंखा बंद ठेव, आणि फोटो काढून घे. १९६४च्या तुकडीपासून सुरू केलंस तर बरं. त्या वर्गातल्या तिघीच आता उरल्या आहेत. त्यांतल्या नाशिकच्या बाईंना फोनवर नीट ऐकू येत नाही, तेव्हा प्रत्यक्ष जा, सकाळी दहाच्या आत. जाताना वर्गाचा ग्रुप फोटो मोठा करून ने. मागच्या रांगेतल्या डावीकडून दुसऱ्या मुलीचं नाव मला एकोणीस वर्षांत मिळालं नाही. ते आधी विचार.

तुझी,
बाई