गौरीप्रसन्न मजुमदार ऐकायला सुरुवात कुठून करावी?

बंगाली येत नाही, तरी बंगाली गीतकार गौरीप्रसन्न मजुमदारांची गाणी अर्थासकट ऐकायची आहेत, असा प्रश्न आहे. पुरस्कारांच्या यादीवरून जाऊ नका. बंगाल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशनचे पुरस्कार त्यांना मिळाले, पण त्यातून हा गीतकार कळत नाही. तीन गाणी सालाच्या क्रमाने ऐका आणि शब्दांकडे कान द्या.

पहिलं, १९५४ च्या ‘अग्निपरीक्षा’मधलं ‘गाने मोर कोन इंद्रधनु’. संगीत अनुपम घटक, आवाज संध्या मुखर्जींचा. इथला ‘मोर’ म्हणजे पक्षी नव्हे. ‘माझ्या’ याचं ते कवितेतलं रूप आहे. दुसरं, १९५७ च्या ‘हारानो सुर’मधलं गीता दत्तचं ‘तुमि जे आमार’. ‘मोर’च्या जागी आता रोजच्या बोलण्यातलं ‘आमार’ आलं. आणि ‘तुमि’ला आपलं ‘तुम्ही’ समजू नका. मराठी माणूस हमखास इथे चुकतो. बंगालीत अदबीसाठी ‘आपनि’ आहे, सलगीसाठी ‘तुइ’, आणि या दोन्हींच्या मधलं, प्रियकर-प्रेयसीचं संबोधन म्हणजे ‘तुमि’. अर्थ लावताना ‘तू’च घ्या.

तिसरं ‘एइ पथ जोदि ना शेष होय’, १९६१ च्या ‘सप्तपदी’तलं. मोटारसायकलवर उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन. हेमंत मुखर्जींचा (म्हणजे हिंदीतल्या हेमंतकुमारांचा) आवाज विचारतो, ही वाट संपलीच नाही तर कसं होईल, सांग ना! संध्याताईंच्या वाट्याला उत्तर काय, तर ‘तुमिइ बोलो’, तूच सांग. बस्स. उपमा नाही, अलंकार नाही, आणि तरी तो सगळा प्रसंग त्या दोन शब्दांवर उभा आहे. काव्यभाषा गौरीप्रसन्नांनी पुढेही सोडली नाही, पण बोलण्यातलं वाक्य चालीत असं अलगद बसवणं ही त्यांची खरी ताकद.

चालीत शब्द कसे बसतात हे पाहायचं तर ‘एइ रात तोमार आमार’ घ्या (‘दीप ज्वेले जाइ’, १९५९). हेमंतदांनी हीच चाल हिंदीत वापरली, ते कैफी आझमींचं ‘ये नयन डरे डरे’. हे गाणं ‘कोहरा’तलं (१९६४). ‘दीप ज्वेले जाइ’चा हिंदी अवतार ‘खामोशी’ असल्यामुळे लोक ते तिथे शोधतात आणि सापडत नाही. मुखड्याची शेवटची ओळ बोटांवर मोजा: शु-धु-दु-जो-नेर, ज-रा-पी-ने-दो. दोन्हीकडे पाचच अक्षरं. बंगालीत त्यांचा अर्थ ‘फक्त दोघांची’.

गौरीप्रसन्नांनी लिहिलेलं मन्ना डेंचं ‘कॉफी हाउसेर सेइ आड्डाटा’ चित्रपटगीतांत शोधू नका, ते स्वतंत्र गाणं आहे. संगीत सुपर्णकांती घोष यांचं. आणखी एक, मन्ना डेंच्या गाण्यांत दुसरे गीतकार पुलक बंद्योपाध्याय आणि गौरीप्रसन्न यांची नावं इंटरनेटवरच्या याद्यांत अदलाबदल होतात. चित्रपटाची श्रेयनामावली किंवा तबकडीवरचं लेबल पाहूनच खात्री करा.