उसन्या पैशातला दशमांश

तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे: पगार कापला गेला, तर दशमांश, म्हणजे मंडळीला (चर्चला) द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, जुन्या पगारावर द्यायचा की नव्या? उत्तरही तेवढंच. जे हातात येतं त्यावर.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की तूट क्रेडिट कार्डावर भागते, आईचा आरोग्यविमा यंदा भरला नाही, आणि 'पेरलेलं शंभरपट परत येईल'. मला बोलायचंय ते यावर.

जुना पगार 100 धरू. आता 65 येतात. घरखर्च 60, त्यातच 8 बचत-विम्याचा हप्ता. वर 15 दान: 10 मंडळीला, 5 काम गेलेल्या दोन कुटुंबांना. म्हणजे दरमहा 10 उसने. व्याज महिना 3 टक्के, त्यामुळे दहा महिन्यांत 115 थकले. असंच चाललं तर आणखी वर्षभराने बाकी 300 च्या घरात, आणि नुसतं व्याज महिन्याला 9. मंडळीला देता जवळजवळ तेवढंच बँकेलाही.

बायबलमधल्या मासेदोनियाच्या मंडळ्यांनी दारिद्र्यात शक्तीपलीकडे दिलं, असं तुम्ही लिहिता. खरं आहे. पण त्याच अध्यायात, 2 करिंथ 8:12 मध्ये, प्रेषित पौल सांगतो की दान मान्य होतं ते जवळ असेल त्यानुसार, नसेल त्यानुसार नाही. दुष्काळात यहूदीयातल्या बंधूंना मदत पाठवताना अंत्युखियाच्या शिष्यांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणेच दिलं.

आईच्या विम्याचं वाचून मला राग आला. मार्क 7 उघडा. आईबापांच्या वाट्याचं 'कुर्बान' म्हणून देवाला वाहून मोकळे होणाऱ्यांना येशू काय म्हणतो, ते वाचा. विमा एकदा तुटला की नवा घेताना वय आणि जुने आजार दोन्ही आडवे येतात. कंपनीला आजच विचारा, जुनी पॉलिसी पुन्हा चालू होते का.

आणि हा विमा सोडून बचत-विमा चालू ठेवलात! मंडळीतल्याच एजंटाने 'मुलांसाठी आशीर्वाद' म्हणत गळ्यात मारलेली पॉलिसी. ना पुरेसं संरक्षण, ना धड परतावा. साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, याहून कितीतरी कमी हप्त्यात मिळतो. तो आधी घ्या, मग या बचत-विम्याची सरेंडर रक्कम, म्हणजे मधेच बंद केल्यास परत मिळणारे पैसे किती, ते लेखी मागवा आणि मिळेल ती कार्डावर भरा. उरलेली बाकी कमी व्याजाच्या कर्जात वळवा.

शंभरपटीची आशा मात्र सोडाच. लूक 6:35 मध्ये परतफेडीची आशा न धरता उसनं द्यायला सांगितलंय. तुम्ही आशा धरून देताय, तेही सावकाराचं.

नवा हिशेब असा: खर्च 52, आईचा आणि तुमचा विमा मिळून 4, कर्जाला 6. उरले 3. कर्ज फिटेपर्यंत हेच तुमचं दान, आणि ते मोकळ्या मनाने द्या. पाळकांना खरी परिस्थिती सांगा. त्या दोन कुटुंबांकडे एक संध्याकाळ बसा. तुम्ही हिशेबनीस आहात. त्यांची देणी कागदावर मांडून द्या, हप्ता कमी करून मागायला बँकेत सोबत जा, आणि कामासाठी तुमच्या ओळखीत शब्द टाका.