गल्लीतल्या कुत्र्याला लूत लागलीय, जळकं ऑइल लावलं तर चालेल का?

नका लावू. बाकीचं सगळं सांगते, पण आधी ते ऑइल गॅरेजवाल्याला परत देऊन या.

तुम्ही लिहिलंय की काळ्याचे केस महिन्याभरात निम्मे गेले, कातडी जाड आणि राखाडी झालीय, रात्रभर खाजवतो आणि गल्लीत सगळे हा एकच उपाय सांगतायत. शिवाय घरात चार वर्षांची मुलगी आहे, तिला होईल का ही धास्ती. मी साताऱ्यात राहते. बारा वर्षं आमच्या पेठेतल्या कुत्र्यांचं जेवण आणि औषधपाणी बघते. डॉक्टर नाही, पण लूत भरलेली कुत्री पुन्हा केसाळ झालेली पुष्कळ पाहिलीत. ऑइल फासलेलं एक पिल्लू माझ्या मांडीवर गेलेलंही पाहिलंय.

ऑइल लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. किडे गुदमरून मरतील असं त्याला वाटतं. पण लुतीचे किडे वर फिरत नसतात, ते कातडीच्या आत असतात. ऑइल मात्र कुत्रा दिवसभर चाटत राहतो, इंजिनातली सगळी घाण पोटात जाते, उलट्या सुरू होतात. सोललेल्या कातडीतून ते आत जिरतं ते वेगळंच. कुणी आधीच लावलं असेल तर रॉकेल वापरून काढू नका. भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी, दोन-तीनदा, आणि मग डॉक्टर.

आता लुतीचं. आपण सगळ्यालाच लूत म्हणतो, पण त्यात दोन वेगळे किडे असतात आणि उपायाची घाई, संसर्गाची भीती हे सगळं त्यावर ठरतं.

पहिला सार्कोप्टिस, म्हणजे खरूज. मादी कातडीत बोगदा करून त्यात अंडी घालते, आणि अंड्यापासून मोठ्या किड्यापर्यंतचा फेरा साधारण तीन आठवड्यांत पुरा होतो. खाज भयंकर. कानांच्या कडा, कोपरं, पोट इथून सुरुवात होते. कुत्रा ओळखीचा असेल, अंगाला हात लावू देत असेल तर त्याच्या कानाची कड दुमडून दोन बोटांत हलकेच चोळा. त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला तर खरजेची शक्यता मोठी. मी प्रत्येक नव्या कुत्र्याच्या बाबतीत हे आधी करते.

दुसरा डेमोडेक्स. हा केसांच्या मुळाशी राहतो आणि थोडाफार जवळजवळ प्रत्येक कुत्र्यात असतोच. आईचं दूध पिताना पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लांकडे येतो. कुत्र्याची ताकद खचली की याची संख्या वाढते. डोळ्यांभोवती, तोंडाशी, पुढच्या पायांवर केस जातात, खाज सुरुवातीला कमीच. लहान पिल्लाच्या अंगावर एक-दोनच चट्टे असतील तर ते पुष्कळदा आपसूक भरतात. सगळ्या अंगावर पसरलं की मात्र औषध लागतंच.

मुलीचं विचारलंत. डेमोडेक्स माणसाला लागत नाही. खरजेचा किडा माणसाच्या अंगावर येऊ शकतो. कुत्र्याला जिथे कवटाळतो तिथे, हातावर, पोटावर, लाल पुटकुळ्या येतात. पण कुत्र्याचा हा किडा माणसात वंश वाढवू शकत नाही, त्यामुळे कुत्रा बरा झाला की थोड्या दिवसांत तेही जातं. तोवर मुलीला त्याला मिठी मारू देऊ नका. पुटकुळ्या दिसल्या तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि घराजवळच्या कुत्र्याला लूत आहे हे त्यांना आवर्जून सांगा.

कोणता किडा हे कळायला डॉक्टर कातडी खरवडून बघतात. कातडीची घडी चिमटीत दाबतात, पात्याला तेलाचा थेंब लावून बारीक रक्त दिसेपर्यंत खरवडतात आणि ते काचेवर घेतात. आमच्या डॉक्टरांनी मला एकदा सूक्ष्मदर्शकातून डेमोडेक्स दाखवला होता. विडीच्या थोटकासारखा लांबट, आणि आठही आखूड पाय एकाच टोकाला. खरूज मात्र पुष्कळदा सापडतच नाही, कारण किडे थोडे आणि खोल असतात. म्हणून रिपोर्ट कोरा आला तरी लक्षणं तशी असतील तर डॉक्टर खरजेचं औषध सुरू करतात. ते बरोबरच आहे.

इथे माझ्या हातून झालेलं सांगते. खंड्या माझा पहिला कुत्रा. कुणीतरी त्याला खाजेचं इंजेक्शन दिलं, तपासणी न करताच. दुसऱ्या दिवशी तो शांत झोपला, मला वाटलं जिंकलो. ते स्टेरॉइड होतं आणि खंड्याला डेमोडेक्स होता. स्टेरॉइडने अंगाची प्रतिकारशक्ती दबते, किड्यांना रान मोकळं मिळतं. तीन आठवड्यांत तो मानेपासून शेपटीपर्यंत पुवाने भरला. म्हणून इंजेक्शन घेऊन कुणी आलं तर नाव विचारा, आणि लिहून घ्या.

पुढे खऱ्या डॉक्टरांकडे गोळ्या सुरू झाल्या आणि मी दुसरी चूक केली. दुसऱ्या महिन्यात केस आले, खाज थांबली, मी गोळी थांबवली. चार महिन्यांनी पुन्हा तेच. खाज थांबली म्हणजे किडे संपले असं नसतं. डेमोडेक्समध्ये महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून दोन्ही वेळा किडा सापडला नाही, तरच औषध थांबवायचं. हे एवढं काळ्याच्या बाबतीत पाळाल ना?

औषधं आता खरोखर चांगली आहेत. अफोक्सोलॅनर, सारोलॅनर, फ्लुरालॅनर या गोळ्या (दुकानात नेक्सगार्ड, सिम्पारिका, ब्रावेक्टो) गोचीड-पिसवांसाठी विकल्या जातात, पण लुतीच्या दोन्ही किड्यांवर चालतात. नेक्सगार्ड आणि सिम्पारिका महिन्यातून एकदा द्यायच्या, ब्रावेक्टो साधारण बारा आठवडे पुरते. रस्त्यावरच्या कुत्र्याला रोज पकडून औषध चोळणं कुणाला जमतं? चपातीत उकडलेल्या कलेजीचा तुकडा घालून त्यात गोळी दिली की काम झालं. पण तो पुढ्यात संपवेपर्यंत हलू नका, खंड्या गोळी तेवढी बाजूला काढायचा. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा, तिथे या गोळ्या जपून देतात.

गोळी वजनावर असते. भुसार दुकानाच्या काट्यावर त्याला कडेवर घेऊन उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. मोठी गोळी अर्धी करून दोघांना वाटू नका, औषध गोळीत सगळीकडे सारखं असेलच असं नाही.

आयव्हरमेक्टिनही पुष्कळ ठिकाणी देतात. जपानमधल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते निघालं आणि त्या शोधाला २०१५ साली नोबेल मिळालं, तेव्हा औषध म्हणून ते मोठंच आहे. पण जनावरांसाठीची बाटली घेऊन अंदाजाने टोचणं धोक्याचं. कॉलीसारख्या मेंढपाळी कुत्र्यांच्या जातींत आणि त्यांच्या संकरात ते थेट मेंदूवर जातं, कुत्रा लाळ गाळतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो. गोठ्यात फवारायचं गोचिडाचं औषधही तसंच, डॉक्टरांनी प्रमाण लिहून दिल्याशिवाय नको.

अंगाला वास येत असेल, पू असेल तर किड्यांच्या जोडीला जंतू आहेत. त्याला वेगळी प्रतिजैविकं आणि औषधी शाम्पू लागतो. जंताची गोळी द्या. रोज एक उकडलेलं अंडं द्या, अशक्त कुत्र्याचे केस भरायला त्याचा फार उपयोग होतो. तो झोपतो ते पोतं जाळा किंवा उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात टाका. आणि खरूज असेल तर त्याच्या सोबत झोपणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला त्याच आठवड्यात गोळी द्या, ती खाजवत नसली तरी. एकट्यावर खर्च केला की महिन्याभरात शेजारच्याकडून परत येते. पैशांचं सांगायचं तर आमच्या पेठेत आम्ही सात घरं मिळून वर्गणी काढतो.

एक राहिलं. तुमच्या फोटोत काळ्याच्या गळ्यात नायलॉनची दोरी दिसतेय. केस गेलेल्या कातडीत ती रुतत असणार. आजच कापून टाका.