प्राध्यापक संशोधन का करतात?

प्रश्न : मी संख्याशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्याची आवड आहे. परंतु प्राध्यापक संशोधन करतात ते केवळ बढतीसाठी, असे वडील म्हणतात. संशोधनाची ओढ नसेल, तर प्राध्यापकीच्या वाटेला जावे का?

उत्तर : वडिलांचे म्हणणे निराधार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, एवढ्यावर महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होता येते. सहयोगी प्राध्यापकपदाची बढती मात्र पीएच.डी.शिवाय मिळत नाही. त्याआधी, २०१० मध्ये, ‘एपीआय’ची, म्हणजे प्राध्यापकाची कामगिरी गुणांत मोजण्याची, पद्धती आली आणि शोधनिबंधांना गुण मिळू लागले, तसे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. बढतीच्या फाइलपुरते लिहिलेले असे निबंध मीही पुष्कळ पाहिले आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तर बढतीच नसते, त्यांच्यासाठी पीएच.डी. म्हणजे मुलाखतीत टिकण्याची आशा.

पण तुमच्याच विषयातले एक जुने उदाहरण पाहा. गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असत. संख्याशास्त्र आत्मसात करायचे, तर हाताशी खराखुरा प्रश्न हवा, म्हणून ते प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांकडे वळले. नाणे हातोहाती फिरताना झिजते, म्हणजे जितका काळ ते चलनात राहील तितके त्याचे वजन घटेल, एवढ्या साध्या निरीक्षणावरून, एकेक नाणे तराजूत तोलून, त्यांनी नाण्यांच्या गटांचा कालक्रम लावण्याची पद्धत बसवली. या खटाटोपाला कोणी गुण देणार नव्हते.

आज सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन असते, शिवाय परीक्षा आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची कागदपत्रे, त्यातून उरलेल्या वेळात संशोधन करायचे, तर बढतीची ओढ फार काळ पुरत नाही. सुदैवाने तुमच्या विषयाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

म्हणून यंदाच्या प्रकल्पासाठी तयार आकडेवारी उतरवून घेऊ नका. जवळच्या बाजार समितीत जाऊन कांद्याची आवक आणि भाव स्वतः टिपा आणि त्यातून एखादा प्रश्न काढा. प्रकल्पाचे गुण लागल्यानंतरही ती वही उघडावीशी वाटली, तर नेटसोबत पीएच.डी.चा विचार अवश्य करा. न वाटल्यास बी.एड. करून कनिष्ठ महाविद्यालयात शिकवण्याचा मार्ग खुला आहे, आणि तिथे शोधनिबंध कोणी मागत नाही.